ज्यातून मागे येता येते असा कागद

साक्षीदार म्हणून सही करणे हे माझ्या व्यवसायाचे काम नसून माझा मान आहे, असे मी अनेक वर्षे समजत आलो. शेवगावच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे आणि मी परवानाधारक अर्जनवीस आहे. वारसनोंद, शिवरस्त्याची तक्रार, प्रतिज्ञालेख, हक्कसोडपत्र, ज्याला जे हवे ते मी लिहून देतो. कागदावर अहिल्यानगर लिहितो, बोलताना नगर म्हणतो. दहावीला गणिताने मला अडवले आणि मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. पण भाषा मात्र स्वतःच्या हिमतीवर कमावली. खेड्यापाड्यातून आलेले लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करीत नाही.

एका सकाळी तीन माणसे माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. त्यांना अर्ज नको होता, माणूस हवा होता. पुढे होत्या त्या नगरच्या हृदयरोगाच्या डॉक्टर; राहायला सावेडीत, बोलायला थेट. त्यांच्यासोबत एक तरुण इंजिनिअर होता. त्याच्या खांद्याला एक बॅग होती आणि तो ती क्षणभरही खाली ठेवीत नव्हता. तिसरे होते सांख्यिकीचे सर. त्यांचे केस पिकलेले होते, आणि बोलण्यापूर्वी ते इतका वेळ थांबत, की समोरच्याला वाटावे यांना उत्तर येत नाही. एका हृदयासाठी तीन प्रकारच्या विद्या लागतात, हे मला त्या दिवशी समजले.

डॉक्टरांनी कामाची हकिकत सांगितली. "बायका दवाखान्यात येतात. धाप लागते म्हणतात. आम्ही त्यांना आडवं झोपवतो, ईसीजी काढतो, तो चांगला येतो, त्या घरी जातात. पण धाप झोपल्यावर लागतच नाही ना! खुरपताना लागते, भारा उचलताना लागते. तेव्हा हृदयात काय चालतं, हे आम्ही कधी बघितलेलंच नाही."

यासाठी इंजिनिअरने छातीला बांधायचा एक पट्टा तयार केला होता. घाम आला, धूळ बसली, तरी तो हृदयाचे ठोके टिपत राहतो. पट्टा काय टिपतो ते डॉक्टर वाचणार, आणि सगळ्यांचे मिळून काय निघते ते सर सांगणार. नियम असा, की ज्या बाईला वाचता येत नाही तिच्या संमतीच्या वेळी बाहेरचा एक निःपक्षपाती साक्षीदार हजर पाहिजे. तिला सगळे नीट समजावले आणि तिने आपल्या मनाने होकार दिला, एवढे त्याने पाहायचे.

"लोकांच्या ओळखीचा, कागदपत्रं कळणारा माणूस कोण, असं विचारलं, तर सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं," डॉक्टर म्हणाल्या.

या वाक्यानंतर मला दुसरे काही ऐकू आले असेल तर ते नीट ऐकू आले नाही. त्यांनी विचारले, सुरुवात कोणत्या गावापासून करावी? मी क्षणाचाही विचार न करता सोनईजवळच्या एका गावाचे नाव सांगितले. "तिथल्या बायका कष्टाळू आहेत," एवढेच कारण दिले. त्या गावात माझी थोरली बहीण दिलेली आहे, हे सांगितले नाही.

तेच खरे कारण होते. आक्का कित्येक महिन्यांपासून वाटेत खाली बसत होती. गवताचा भारा घेऊन निघाली की बांधावर बसायची, नळावरून कळशी आणताना कट्ट्यावर बसायची, आणि कोणी विचारले तर म्हणायची, चपलेत खडा गेला. एकदा मीच तिला नगरला नेले. ईसीजी चांगला आला. "बघ, मी म्हनलं न्हवतं?" असे म्हणून ती परत आली आणि पुन्हा बसू लागली. दुसऱ्यांदा चल म्हटले तर तिने साफ नकार दिला. आता दवाखानाच तिच्या दारात जाणार होता. मला वाटले, हे आपल्यामुळे घडते आहे.

घरी आल्यावर मी कोट इस्त्रीला टाकला. बायको म्हणाली, "कुठली सुनावणी?"

"हृदयावरील संशोधनाचा साक्षीदार म्हणून नेमणूक झाली आहे."

"अगंबाई! तुमची? माझ्या काळजातलं तर आजवर काही कळलं नाही तुम्हाला."

मी तिला उत्तर दिले नाही. असल्या थट्टेला उत्तर देणे मला माझ्या नेमणुकीस शोभणारे वाटले नाही.

गावातल्या मिशनच्या जुन्या शाळेची एक खोली मिळाली होती. सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसल्या. आक्का खिडकीखाली बसली होती. तिने मला पाहून पदर सारखा केला आणि ओळख दाखवली नाही. परक्यांसमोर भावाच्या कोटाला धक्का लागू नये, असे तिला वाटले असावे. डॉक्टरांनी सोप्या भाषेत सगळे सांगितले. बायका ऐकत होत्या, पण डॉक्टर नवीन, पट्टा नवीन. कोणी काही विचारीना. तेवढ्यात इंजिनिअरचा एक पट्टा चालू होईना आणि त्याने बाहेरून हाक मारली. डॉक्टर उठता उठता माहितीपत्रक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "भाऊ, तेवढ्यात हे एकदा तुम्ही वाचून दाखवा. तुमची त्यांना सवय आहे."

मी पत्रक पाहिले. खरे सांगायचे तर मला ते कमकुवत वाटले. वाक्ये लहान होती. पोराने मावशीला निरोप सांगावा, तशी. 'तुम्हाला नको वाटले तर तुम्ही कधीही थांबू शकता. कारण सांगावे लागणार नाही. त्यामुळे तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही.' ज्या कागदाला वजन नाही त्यावर कोणी विश्वास कसा ठेवावा? मी उभा राहिलो, चष्मा लावला आणि माझ्याच्याने झाले तेवढे वजन त्यात घातले.

"मी खाली सही अथवा अंगठा करणार, लिहून देते की, सदर अभ्यासासाठी माझ्या हृदयाची नोंद घेण्यास मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता, नशापाणी न करता, अक्कलहुशारीने संमती देत आहे. सदर संमती मजवर व माझ्या वालीवारसांवर बंधनकारक राहील…"

थांबण्याची ओळ मी वाचलीच नाही. विसरून नव्हे. ती वाचली तर दुसऱ्या दिवशी एकही बाई टिकणार नाही, अशी माझी खात्री होती. ज्या दस्तात मागे फिरायची वाट ठेवलेली असते तो पहिल्याच पावसात वाहून जातो, हे मी धंद्यात पदोपदी पाहिले आहे.

मी वाचत असतानाच एक म्हातारी उठली. "दूध ठिवलंय चुलीवर." मग तिची शेजारीण उठली, "शेरडं सोडायची हायेत." मग एकदम चार-पाच जणी उठल्या, त्यांना काही कारण द्यायचीही गरज वाटली नाही. दाराशी एक दुसरीला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आले, "अगं, रजिस्टर हापिसातलं हाय ते. म्या वळखलं." बहुतेक तरुण मुली आणि सासू पुढ्यात बसल्यामुळे उठता न येणाऱ्या काही सुना, एवढ्याच राहिल्या. त्यांनी मी दाखवले तिथे मुकाट्याने अंगठे दिले.

आणि आक्का राहिली. मला हायसे वाटले. मी तिच्याजवळ जाऊन शाईचा पॅड पुढे केला.

"झालं वाचून?" तिने विचारले.

"झाले."

"अंगठा कुठं द्यायचा, ते दाव."

मी बोट ठेवले. तिने वाकून ती जागा नीट पाहिली.

"आसं. म्हंजी हितं द्यायचा न्हाई, येवढं कळलं."

"आक्का, हे सरकारी नाही. दवाखान्याचे आहे."

"आसंल. पन शबुद त्येच हायेत. राजीखुशीनं, नशापानी न करता. तवाबी तूच वाचत हुतास आन मी आशीच खाली बसले हुते." ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हते. "तवा जमीन लिव्हून दिली. आता काळीजबी लिव्हून घ्यायला आलास व्हय रं? आन वालीवारस कशाला घातलंस त्यात? माझ्या काळजाला कसलं वालीवारस?"

राहिलेल्या बायका हसल्या. डॉक्टर दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला कळले नाही. त्यांनी विचारले, "या तुमच्या कोण?"

"बहीन हाय मी त्येची," आक्का उठत म्हणाली. "थोरली." दारापर्यंत जाताना ती एकदा थांबली, चौकटीला हात लावला, श्वास घेतला आणि मग पायरी उतरली. तिचे ते थांबणे त्या खोलीत फक्त मी आणि डॉक्टर, दोघांनीच पाहिले.

वडील वारल्यानंतर आक्काने हक्कसोडपत्र करून दिले होते. त्यात मी जगावेगळे काही केले, असे कोणी म्हणणार नाही. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडीचोळी करतो आणि माहेराची वाट मोकळी राहते. कचेरीत त्या दिवशी तिने मला विचारले होते, "यात काय लिव्हलंय रं?" आणि मी म्हणालो होतो, "कायद्याची भाषा आहे." त्यानंतर मी तो मजकूर इतक्या बहिणींसाठी लिहिला, की लिहिताना मला तो दिसतही नाही, हात आपोआप चालतो. आणि तिने तो एकदाच ऐकून शब्दाशब्दाने जपून ठेवला होता. मी त्या खोलीत कोट घालून उभा होतो आणि मला वाटत होते, की तो कोट कोणीतरी माझ्या अंगावरून काढून घ्यावा.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी काय वाचले आणि काय गाळले, ते त्यांनी सरांसमोर विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "ज्यांनी अंगठे दिले, त्यांचेही आता चालणार नाहीत. सगळं परत वाचावं लागेल. आणि भाऊ, नातेवाईक साक्षीदार चालत नाही, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही आता यात राहू शकत नाही." त्यांनी माझ्या हातातले पत्रक घेतले. कचेरीतल्या शिपायानेही माझ्या हातातून कागद असा कधी घेतला नव्हता.

परतताना सोनईला जीप चहासाठी थांबली. मी उतरणार नव्हतो. सरांनी दार उघडून धरले, म्हणून उतरलो. चहा आल्यावर त्यांनी विचारले, "घोडेगावला कांद्याचा लिलाव बघितलाय तुम्ही?"

"सर, त्यात काय बघायचे? आमचा रोजचा बाजार."

"व्यापारी कोणती गोणी ओतून बघतो?"

"मधली. शेतकऱ्याने पुढे केलेली कधीच नाही. पुढे केलेली चांगलीच असते."

"आज ज्या बायका बसून राहिल्या त्या पुढे केलेल्या गोण्या आहेत." त्यांनी बशीत चहा ओतला. "ज्या उठून गेल्या त्यांच्यात कोणाला धाप लागत होती, किती जणींना लागत होती, हे आता आम्हाला कळणारच नाही. आम्ही उरलेल्यांचे ठोके मोजू. आकडे सुंदर येतील. मग आम्ही लिहू, की इथल्या बायकांची हृदयं चांगली आहेत. ते वाचून कुठलातरी डॉक्टर एखादीला म्हणेल, तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा."

मला चौकटीला लावलेला हात दिसला.

"ती थांबण्याची ओळ तुम्ही का गाळली?"

येथे मी मान ताठ केली. ती सवय अजून गेली नव्हती. "सर, ज्यातून मागे येता येते तो दस्त कसला? असा कागद माझ्या हातून आजवर झालेला नाही."

सरांनी बशी तोंडाला लावली. इंजिनिअरला मात्र राहवले नाही. त्याने मांडीवरच्या बॅगेतून पट्टा काढला आणि माझ्यासमोर धरला. "काका, हे बकल बघा. एका हाताने, न बघता उघडतं. हे करायला मला जेवढा त्रास झाला तेवढा बाकीच्या पट्ट्याला झाला नाही. घट्ट बसायला पाहिजे, घामात सुटायला नको, पण बाईला वाटलं की लगेच सुटलं पाहिजे. डॉक्टर मॅडमनी तीन-चार बकलं परत पाठवली." त्याने अंगठ्याने दाबले. पट्टा टक् करून सुटला. "तुम्ही आज त्याला कुलूप लावलंत."

तो माझ्यापेक्षा वयाने कितीतरी लहान होता आणि त्याने हे वाक्य हसत म्हटले. मी चहा तसाच ठेवून जीपकडे गेलो.

पुढच्या आठवड्यात गावच्या शाळेतल्या एक बाई पत्रक वाचणार होत्या. साक्षीदार दुसरे मिळाले होते. पण त्या आधी कोणीतरी गावात जाऊन, मागच्या वेळी वाचले ते त्या कागदात नव्हते, असे सांगणे भाग होते, नाहीतर खोलीत कोणीच येणार नव्हते. डॉक्टरांनी मला तसे सांगितले नाही. मीच म्हणालो, मी जातो. त्या म्हणाल्या, "जा. पण कोणालाही आग्रह करू नका. बहिणीलाही नाही. तिला तर नाहीच."

मी कोट न घालता गेलो. चार घरी दाराबाहेर उभा राहून सांगितले, की चूक वाचणाऱ्याची होती. एका घरी म्हातारा म्हणाला, "वाचनारा कोन हुता?" मी म्हणालो, मी. तो म्हणाला, "मंग ठीक. म्हंजी कागुद बरा आसंल." दुसऱ्या घरातून बाईचा आवाज आला, "वकील का? त्यांना म्हनावं, आमची जिमीन आदीच भावाकडं हाय."

आक्का दावणीजवळ वैरण तोडत होती. मला पाहून तिने कोयता ठेवला नाही.

"बस. चहा ठिवते. येवढं झालं की."

"राहू दे. मी तो कागद सांगायला आलो आहे."

"परत?"

"परत. खरा."

मी सुरुवात केली आणि तोंडातून आले, "सदर अभ्यासामध्ये सहभागी होणाऱ्या…" तिने कोयता थांबवून माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा सुरुवात केली, "तुमच्या छातीस जो पट्टा…" तेही जमेना. इतकी वर्षे माझी भाषा माझ्या हाताशी असे. त्या दिवशी साधे एक वाक्य सापडत नव्हते.

"आईला सांगितलं आसतंस तसं सांग की," आक्का म्हणाली. "का तिलाबी सदर म्हनायचास?"

मी खाली बसलो, तिच्यासमोर, वैरणीच्या चुऱ्यात. "आक्का, पट्टा बांधायचा. काम करायचं ते करायचं. नको वाटला, काढून टाकायचा. का काढला, असं कोणी विचारणार नाही. काढला म्हणून दवाखान्यात कोणी वेगळं वागवणार नाही."

"कुनीच इचारनार न्हाई?"

"नाही."

"तूबी न्हाई?"

"मी पण नाही."

तिने पेंढी ओढली, पुन्हा दोन-चार घाव घातले, आणि मग थांबली. या वेळी धाप लागून. पदराने तोंड पुसले. श्वास परत आल्यावर ती हळूच म्हणाली, "आन त्यातनं? आपल्या त्या कागदातनं मागं येता येतं का?"

तिला जमीन नको होती. हे मला तेव्हाही माहीत होते आणि आजही आहे. ती फक्त विचारत होती, आणि तो प्रश्न माझ्या धंद्याचा असल्यामुळे मला उत्तर येत होते. नोंदणी झालेला दस्त, इतक्या वर्षांनी. मी तिला पुन्हा 'कायद्याची भाषा' म्हणू शकलो असतो. माझ्या जिभेवर ते शब्द आलेही.

"नाही," मी म्हणालो. "त्यातून येता येत नाही. हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"व्हय," ती म्हणाली. "इचारलं आपलं." आणि चहा ठेवायला आत गेली. मी वैरणीत बसून राहिलो. तिच्या घरचा चहा घोटभर घेण्याइतकीही माझी लायकी नाही, असे मला वाटत होते, आणि नको म्हणण्याचीही हिंमत नव्हती. तिने साखर नेहमीसारखीच जास्त घातली होती.

नंतर ज्या दिवशी खोलीत पुन्हा वाचन झाले, त्या दिवशी मी माझ्या टेबलावर होतो. बायका किती आल्या ते मी कोणाला विचारले नाही. आक्का आली आणि तिने अंगठा दिला, हे मला बायकोकडून कळले. नणंद-भावजयीचे फोन रोज चालतात. मग एके दिवशी बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, "आक्कांनी पट्टा काढून ठेवलाय म्हणे. खुंटीला."

"का?"

"ते नाही सांगितलं. म्हणाल्या, बघते कोन इचारतंय."

माझा हात फोनकडे गेला. तिच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. ओटीत कापूस भरून वाकायचे, ताठ व्हायचे, पुन्हा वाकायचे. जे झोपून दिसत नव्हते ते दिसले असते तर त्या वावरातच दिसले असते, आणि पट्टा खुंटीला होता. मी फोन उचलला आणि ठेवला. दुसऱ्या दिवशीही उचलला आणि ठेवला. मी आयुष्यभर लोकांना शब्द पुरवले. आता एक प्रश्न गिळून बसणे, एवढेच माझ्याकडे काम होते, आणि ते मला झेपत नव्हते. टेबलावर आलेल्या माणसाचा अर्ज मी दोनदा चुकवला. रात्री मला वाटे, तिला काही झाले तर मी साऱ्या गावाला काय सांगू? नियम होता, असे? आणि मग लाज वाटे, की अजूनही मला गावाला काय सांगायचे तेच आधी सुचते आहे.

डॉक्टरांचाही फोन तिला गेला नाही. नियम त्यांनाही होता.

कधीतरी, कोणी न विचारता, तिने पट्टा परत बांधला. हेही बायकोनेच सांगितले. "म्हणाल्या, खरंच कुनी इचारत न्हाई गं. मंग बांधला." मी उठून मोरीत गेलो आणि उगाच तोंड धुतले.

आणि मग डॉक्टरांचा फोन आला, मला नव्हे, आक्काच्या मुलाला. पट्ट्याने वावरात जे टिपले ते चांगले नव्हते. त्यांनी तिला नगरला बोलावले. हाताच्या नसेतून बारीक नळी घालून हृदयाच्या नसा तपासायच्या होत्या. आक्का मुलासोबत निघाली आणि शेवगावहून मलाही ये म्हणाली. एवढेच म्हणाली. मी गेलो.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीने आमच्याकडे पाहिले आणि तपासणीच्या संमतीचा कागद माझ्या हातात दिला. माझ्या खिशाला पेन दिसत होते. भाचा गोळ्या आणायला गेला होता. मी कागदावर नजर टाकली. मजकूर लांब होता, कठीण होता, त्यात दोन ठिकाणी 'सदर' होते. मी तो घडी न घालता डॉक्टरांकडे नेऊन दिला.

"तुम्हीच वाचा," मी म्हणालो.

डॉक्टर आक्काच्या बाजूला बसल्या. काय करणार, काय होऊ शकते, काय बिघडू शकते, सगळे त्यांनी सांगितले. आक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "ह्यातनं मागं येता येतं का?"

"नळी घालेपर्यंत केव्हाही. आत गेल्यावरसुद्धा नको म्हणालात, तर मी थांबेन."

"पुना सांग."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितले. हे ऐकताना आक्काने माझ्याकडे पाहिले नाही, आणि मी भिंतीवर लावलेले हृदयाचे चित्र पाहत राहिलो. त्यातले एकही नाव मला वाचता आले नाही. तिने अंगठा पुढे केला.

खिडकीवरची मुलगी शाईचा पॅड घेऊन आली होती. तिने माझ्याकडे पेन धरले. "काका, अंगठा आहे ना, साक्षीदाराची सही लागेल. तुम्ही करता?"

माझा हात अर्धा पुढे गेला होता. इतक्या वर्षांचा हात. त्याला पेन दिसले की तो जातो.

"त्येची नगं," आक्का म्हणाली. "त्यो भाऊ हाय."

मुलगी दुसऱ्या कोणाला तरी शोधायला गेली. आक्काने ते नियम म्हणून सांगितले, की आणखी काही म्हणून, हे मी तिला विचारले नाही. तिने अंगठ्याची शाई पुसायला माझ्यापुढे हात केला. मी खिशातून रुमाल काढला आणि मान वर न करता तिचा अंगठा पुसत राहिलो. शाई लवकर निघत नव्हती. मग आतून तिला हाक आली.